ओकच्या फळीतलं पाणी

न्यू जर्सीतल्या एखाद्या जुन्या घरातली बैठकीची खोली घेऊ. रुंदी चार मीटर. खाली रेड ओकच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी ५७ मिलीमीटर रुंद, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साधारण ७० पट्ट्या. जानेवारीत हीटर अहोरात्र चालतो, घरातली हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या ६ टक्क्यांवर उतरतं. ऑगस्टच्या दमट दिवसांत ते १० टक्क्यांपर्यंत चढतं. फरक फक्त ४ टक्क्यांचा. पण पाणी एका टक्क्याने वाढलं की रेड ओकची नेहमीच्या पद्धतीने कापलेली फळी रुंदीच्या हजारातल्या जवळजवळ चार भागांनी फुगते. हिशेब मांडला तर एका पट्टीची वाढ ०.८ मिलीमीटरच्या आसपास येते. सत्तर पट्ट्यांची मिळून जवळजवळ सहा सेंटीमीटर! खिळ्यांनी ठोकलेली, पॉलिश केलेली, जिच्यावर सोफा ठेवून आपण निर्धास्त बसतो ती जमीन दर वर्षी सहा सेंटीमीटर फुगू आणि आकसू पाहते. ही ओढाताण पट्ट्यांमधल्या केसाएवढ्या फटी आणि भिंतीलगत स्कर्टिंगखाली सोडलेली मोकळी जागा मिळून पोटात घेतात, म्हणून भिंती शाबूत राहतात.

आता त्याच पट्ट्यांची लांबीतली वाढ मोजा. चार मीटर लांबीत ती एक मिलीमीटरही भरत नाही. एकच लाकूड, एकच हवा, तेवढंच पाणी. आडव्या दिशेने सहा सेंटीमीटर आणि उभ्या दिशेने जवळजवळ शून्य.

याचं कारण झाडाच्या पेशीत आहे. ओकची तंतुपेशी ही जेमतेम मिलीमीटर-दीड मिलीमीटर लांबीची बारीक नळी असते. तिच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे असतात आणि सगळ्यात जाड थरात ते नळीच्या लांबीला जवळजवळ समांतर बसलेले असतात. हवेतलं पाणी या धाग्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतं. धागा स्वतः लांब होत नाही, शेजारचे दोन धागे फाकतात. म्हणून झाड ज्या दिशेने वाढलं त्या दिशेने फळी ढिम्म राहते आणि आडवी मात्र सतत हलते. अमेरिकेच्या वनखात्याची लाकडावर संशोधन करणारी प्रयोगशाळा विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला १९१० पासून आहे. कुठलं लाकूड किती पाण्याला किती हलतं याचे तिने तयार केलेले तक्ते सुतारकामातल्या माणसांना आजही लागतात. त्या तक्त्यांत सागही आहे. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वाढचक्रांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आकसतो, रेड ओक साडेआठ टक्क्यांहून जास्त. मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं का बांधली जात, याचं एक उत्तर या आकड्यात आहे. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून तरंगते आहे. सागाच्या सवयीने वाढलेला मराठी माणूस अमेरिकेत घर घेतो आणि पहिल्याच हिवाळ्यात पायाखालच्या ओकमध्ये फटी दिसल्या की घाबरतो, ते समजण्यासारखं आहे. पण पावसाळ्यात अडणारं दार बदलायला आपण कधी सुताराला बोलावलेलं नसतं. दिवाळीपर्यंत ते आपोआप मोकळं होतं, हे आपल्याला ठाऊक असतं. ओकच्या जमिनीला तोच न्याय लावायचा.

लाकडी जमीन बदलायची वेळ आली का, हा प्रश्न लोक तिच्या वयावरून किंवा तोंडावळ्यावरून सोडवायला जातात, आणि मला वाटतं तिथेच चुकतात. वय फार थोडं सांगतं. विचारायचं ते दोनच गोष्टींबद्दल: या लाकडात पाणी कुठून येतंय, आणि वर घासण्याजोगं लाकूड किती उरलंय.

पाण्यापासून सुरुवात करू. हिवाळ्यात उघडलेल्या फटी पुट्टीने भरू नयेत. ऑगस्टमध्ये फळ्या फुगल्या की ती पुट्टी चिरडून वर फेकली जाते. फटींचा निवाडा तिथल्या दमट उन्हाळ्यात करावा. तेव्हा त्या मिटत असतील तर जमीन निरोगी आहे. मात्र कधी उलटं चित्र दिसतं. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आलेल्या आणि मधे पन्हळ पडलेली. अनवाणी चाललं की तळव्याला लाटा लागतात. हे घडतं फळीचा तळ ओला आणि माथा कोरडा असल्यामुळे. तळ फुगतो, माथा फुगत नाही, मग कडा वर वळतात. म्हणजे पाणी खालून आहे: दमट तळघर, घराखालची ओणव्याने शिरावं लागणारी पोकळी, डिशवॉशरची मुंगीच्या पावलांनी गळणारी नळी. जमीन जणू बोट दाखवून सांगते की खाली जाऊन बघा.

इथे बहुतेक घरांत मशीन आणून ती जमीन घासून सपाट करायची घाई होते. घासणारा वर आलेल्या कडा कापून टाकतो आणि त्या दिवशी जमीन आरशासारखी दिसते. पुढे काही महिन्यांत खालचं पाणी वाळतं, फळी मूळ आकारावर यायला लागते, आणि कडा तर आता उरलेल्याच नसतात. मग मधला भाग वर राहतो आणि प्रत्येक फळी पाठ काढते. पन्हळ पडलेली जमीन बहुधा वाचते. अवेळी घासलेली पाठ काढलेली जमीन वाचवायला आणखी लाकूड घालवावं लागतं. शहाणा कारागीर आधी गळती बंद करतो, आर्द्रता खाली आणतो आणि मग थांबतो, कधी काही आठवडे, कधी अख्खा हंगाम. पुष्कळदा फळ्या आपणहून सपाट होतात.

किती थांबायचं हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. त्यासाठी दोन सुयांचं एक छोटं यंत्र मिळतं. सुया लाकडात टोचल्या की यंत्र त्यांच्यामधला विजेचा विरोध मोजतं. कोरडं लाकूड वीज जवळजवळ अडवून धरतं. ७ टक्के पाण्याचं लाकूड आणि २५ टक्के पाण्याचं लाकूड यांच्या विरोधात हजारो पटींचा फरक असतो. मुठीत मावणारं यंत्र फळीच्या पोटातलं पाणी सांगतं, आणि तेही फळी न उचलता, ही गोष्ट मला आजही थक्क करते. वरची पट्टी आणि तिच्याखालचं प्लायवूड या दोन्हींतली टक्केवारी जवळ आली की कामाला हात घालायचा. अमेरिकेतल्या लाकडी जमिनीवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं सांगणं असं की अरुंद पट्ट्यांसाठी हा फरक ४ टक्क्यांच्या आत हवा, तीन इंच किंवा त्याहून रुंद फळ्यांसाठी २ टक्क्यांच्या.

एक अवस्था मात्र अशी की थांबून काही मिळत नाही. फळ्या खालच्या तळापासून सुटून तंबूसारख्या उचलल्या गेल्या, खिळे उपसले, फळ्यांना एकमेकींत अडकवणाऱ्या जिभा तुटल्या, तर तेवढा भाग काढावाच लागतो. गटाराचं पाणी घरात शिरलं असेल तर लाकूड दिसायला धड असलं तरी ठेवू नये. ते पाणी प्लायवूडमध्ये आणि फटींत जे सोडून जातं ते पुसून निघत नाही.

दुसरा प्रश्न लाकडाच्या जाडीचा. नेहमीची भरीव फळी १९ मिलीमीटर जाड. तिच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. शेजारच्या फळीची जीभ हिच्या खाचेत बसते आणि खिळा जिभेतून तिरका मारला जातो, म्हणून वरून एकही खिळा दिसत नाही. या रचनेमुळे १९ पैकी वापरण्याजोगं लाकूड म्हणजे खाचेच्या वरचे फक्त सहा-सात मिलीमीटर. पूर्ण घासणीत प्रत्येक वेळी पाऊण ते एक मिलीमीटर जातं. म्हणजे चांगल्या हाताखाली जमीन पाच-सहा वेळा नव्याने उजळू शकते, आणि दोन घासण्यांमधे वीसेक वर्षं गेली तर ती बांधणाऱ्याची पतवंडं तिच्यावर रांगतील.

जाडी बघायला फळी उखडायची गरज नाही. अमेरिकन घरांत गरम हवा जमिनीतल्या जाळीतून वर येते. ती जाळी उचला. कापलेल्या फळीची उभी कड समोर येईल. तिथे पट्टी धरून खाचेच्या वर किती लाकूड आहे ते मोजा. दोन मिलीमीटरच्या आसपास असेल तर पुढची घासणी धोक्याची. काही घरांत तेवढंही करावं लागत नाही. खिळ्यांची डोकी वर चमकू लागलेली असतात, खाचेवरचं लाकूड कागदाएवढं होऊन कडेने लांब ढलप्या निघत असतात. अशी जमीन झिजून संपलेली असते, तिला बदलणंच रास्त.

ओरखडे, फिकटपणा, कुत्र्याच्या नखांच्या रेघा या बहुतेक वेळा लाकडाच्या नसतातच, त्या पॉलिशच्या असतात. खात्री करायची तर जमिनीवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब गोल उभे राहिले तर थर जिवंत आहे. पसरून आत शिरले आणि लाकूड काळवंडलं तर थर झिजला आहे. पहिल्या स्थितीत लाकडाला हात न लावता वरचा थर हलका खरवडून नवं पॉलिश चढवता येतं. लाकूड जवळपास जात नाही. हा उपाय वेळेवर करणाऱ्याला पूर्ण घासणी दशकानुदशकं लागत नाही.

करकरण्यानेही घाबरू नये. चालणाऱ्याच्या वजनाने फळी किंचित खाली जाते आणि ढिला झालेला खिळा त्याच्या भोकात घासतो, इतकंच. क्योटोच्या निजो किल्ल्यातल्या महालात असाच आवाज चिवचिवाटासारखा येतो. तिथे फळीखालच्या लोखंडी पकडी खिळ्यांवर घासतात आणि जगभरची माणसं तो ऐकायला जातात. घरातला आवाज नको असेल तर तळघरातून एखादा स्क्रू पुरतो.

काळे डाग हे मात्र थांबून बघण्यासारखं प्रकरण. कुंडीखाली, सिंकपुढे, जुन्या हीटरच्या पायाशी ओकवर शाईसारखे काळे वर्तुळाकार डाग पडतात. लोक त्यांना सडणं समजून फळी काढतात. ती खरोखरच शाई असते! ओकच्या लाकडात टॅनिन भरपूर. पाण्याबरोबर लोखंडाचा अंश आला, खिळ्यातून, डब्याच्या बुडातून, नळातून, की टॅनिन आणि लोखंड मिळून निळसर काळा पदार्थ बनतो. ओकच्या झाडावरच्या गाठी आणि हिराकस यांची शाई युरोपात शेकडो वर्षं याच रसायनाने बनत होती, आणि अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा तशाच शाईने लिहिला गेला. आपल्याकडे हिरड्यातही तसंच टॅनिन. हिरडा आणि लोखंड यांच्या संगतीने कापडावर काळा रंग चढवण्याची रीत रंगाऱ्यांना पूर्वापार माहीत आहे. भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरात गोळा होणारा हिरडा आणि पेनसिल्वेनियातला ओक रसायनाच्या पातळीवर एकच गोष्ट करतात. पॉलिश काढून ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण लावलं की ते लोखंडाला पकडून घेतं आणि डाग उजळतो. हे आम्ल विषारी आहे, हातमोजे घालूनच काम करावं. डाग उतरला आणि खालचं लाकूड टणक निघालं तर फळी राहू द्यावी.

टणक आहे का, हे टोच्याने कळतं. टोच्या मारला आणि लांब कुसळं निघाली तर लाकूड धड आहे. आखूड, ठिसूळ तुकडा कडकन तुटला किंवा टोच्या लोण्यात गेल्यासारखा शिरला तर आत बुरशी आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला भरपूर पाणी लागतं. पेशींच्या भिंती पाण्याने पुरत्या भरतात तो टप्पा साधारण २८ ते ३० टक्क्यांचा, आणि त्याच्या आसपास पाणी टिकून राहिलं की ती फोफावते. घरातल्या ८-१० टक्क्यांच्या कोरड्या ओकमध्ये ती जगूच शकत नाही, म्हणून कोरडी जमीन शतकभर काढते.

या बुरशीपैकी एक गट लाकूड तपकिरी करून त्याचे चौकोनी ठोकळे पाडतो, आणि त्याची पद्धत चक्रावून टाकणारी आहे. सेल्युलोज तोडणारी विकरं आकाराने इतकी मोठी की पेशीच्या भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून ती आत जाऊ शकत नाहीत. मग बुरशी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोखंड यांची गाठ आतल्या आत घालून देते. त्यातून क्षणभरच टिकणारे पण अत्यंत आक्रमक कण तयार होतात आणि ते भिंतीतल्या लांब साखळ्या तोडत सुटतात. टॅनिनशी जुळून शाई बनवणारं लोखंडच इथे सुरुंग पेरतं. म्हणून या कुजीचा धोका नजरेला दिसतो त्याहून फार मोठा असतो. लाकडाचं वजन जेमतेम दहा टक्के घटेपर्यंत त्याची ताकद बहुतेक बाबतींत निम्म्याहून जास्त गेलेली असते. अशी फळी भरून, रंगवून, घासून वाचवायच्या भानगडीत पडू नये. ती काढावी, आणि काढल्यावर खालचं प्लायवूड आणि त्याखालच्या तुळयांनाही टोच्या लावावा. पायाखाली जमीन लवत असेल तर दुखणं बहुतेक तिथेच असतं.

वाळवीबद्दल मराठी वाचकाला काय सांगायचं! फळी ठोकल्यावर पोकळ वाजली, तळघराच्या भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या, तर आधी वाळवी मारणाऱ्याला बोलवा, सुतार नंतर. लाकडाला टाचणीएवढी भोकं आणि त्यांतून पिठासारखा भुगा पडत असेल तर तो किडा ओकच्या बाहेरच्या कोवळ्या लाकडातल्या पिठूळ अंशावर जगणारा. गाभ्याच्या लाकडाकडे तो सहसा वळत नाही.

गाभ्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. रेड ओकची काडी एका टोकाने पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकली तर पाण्यात बुडबुडे येतात. त्याच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. व्हाइट ओकचं झाड गाभा बनवताना या नळ्यांत फुग्यांसारखी वाढ करून त्या बुजवून टाकतं. म्हणून व्हिस्कीची पिंपं व्हाइट ओकची करतात. आणि म्हणून स्वयंपाकघरातल्या, दारालगतच्या फळ्या बदलायची वेळ आली तर मी व्हाइट ओकची बाजू घेईन. पाणी सांडणाऱ्या जागी तो जास्त टिकतो. अर्थात भोवतीची जमीन रेड ओकची असेल तर रंग जुळवायला कष्ट पडतील.

पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटमध्ये ज्याला वुडन फ्लोअरिंग म्हणतात ते बहुतेकदा लॅमिनेट असतं: दाबलेल्या भुशाच्या पाटावर लाकडाचा छापील फोटो आणि वर पारदर्शक कवच. त्याला घासण्याजोगं लाकूडच नाही. पाणी कडेने शिरलं की भुसा फुगतो आणि वाळल्यावरही पूर्वपदावर येत नाही. तिथे बदलण्याला पर्याय नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात खिडकीलगत ते बसवण्याआधी नीट विचार करावा. मधला प्रकार म्हणजे प्लायवूडवर खऱ्या लाकडाचा पातळ थर. तो थर दोन मिलीमीटरचा असेल तर फार तर एकदा जपून घासता येतो, सहा मिलीमीटरचा असेल तर भरीव फळीच्या तोडीचा.

काही जुन्या जमिनी बदलण्याआधी मात्र हात अडखळायला हवा, कारण त्यांचं झाड आता जवळपास उरलेलं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जुन्या घरांत लाँगलीफ पाइनच्या गाभ्याच्या फळ्या सापडतात, लालसर, राळेने भरलेल्या, सूचिपर्णी असूनही जवळपास रेड ओकइतक्या टणक. हे जंगल एके काळी नऊ कोटी एकरांवर पसरलं होतं. त्याचा अगदी थोडा हिस्सा राहिला आहे, आणि तितकी दाट वाढचक्रं असलेलं लाकूड आज लोक नद्यांच्या तळाशी बुडालेल्या जुन्या ओंडक्यांतून बाहेर काढतात. अमेरिकन चेस्टनटची कथा याहून विदारक. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर परदेशातून आलेला एक बुरशीचा रोग दिसला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत तीनशे ते चारशे कोटी झाडं गेली. ज्यांच्या घरात चेस्टनटची जमीन आहे त्यांच्याकडे हे लाकूड नव्याने येणार नाही. अशा ठिकाणी कुजलेल्या फळ्या तेवढ्या काढून बाकीची जमीन वाचवावी, मग ती कितीही ओबडधोबड दिसो.

जुन्या जमिनीवर कुणी नंतर फरशा चिकटवल्या असतील तर त्या स्वतः खरवडू नयेत. नऊ इंची जुन्या फरशांत आणि त्यांखालच्या काळ्या डिंकात ॲसबेस्टॉस असू शकतो, आणि १९७८ आधीच्या अमेरिकन घरांतल्या रंगात शिसं. आधी नमुना तपासून घ्यावा.

थोड्या फळ्या बदलायच्या तर जुळणारं लाकूड दुकानात शोधण्याआधी घरातल्याच एखाद्या मोठ्या कपाटाच्या आत बघावं. तिथली जमीन बहुधा त्याच खेपेतल्या ओकची, त्याच जाडीची, त्याच जिभेची असते. चांगला कारागीर त्या फळ्या उचलून बैठकीत विणतो, सांधे एका रेषेत न आणता पुढे-मागे ठेवून, आणि कपाटात नव्या घालतो. नव्या फळ्या दुकानातून आणल्याच, तर त्या त्याच दिवशी ठोकू नयेत. घरात सुट्या पसरून ठेवाव्यात, हीटर किंवा एसी नेहमीसारखा चालू ठेवावा आणि दोन सुयांच्या यंत्राने रोज मोजत राहावं. त्यांतलं पाणी घरातल्या जुन्या फळ्यांच्या आणि खालच्या प्लायवूडच्या जवळ येऊन स्थिरावलं की पहिला खिळा मारायचा.